मशीन बघतंय, मग आपण कशाला बघायचं? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात प्रश्नांची पोतडी उघडली तर बहुतेक सगळे एक्स-रे, एआय नाहीतर थीसिसचे निघाले, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात. ज्यांनी स्वतःचे रिपोर्ट पाठवून "काय झालंय सांगा" विचारलंय त्यांनी प्लीज जवळच्या डॉक्टरला दाखवा, मी इथून सांगणार नाही.

डॉक्टर, मुलीला नीट पीजीला चांगली रँक आहे आणि तिला एमडी रेडिओलॉजीच घ्यायचंय. घरात सगळे म्हणतायत ती ब्रँच एआय खाऊन टाकणार, मेडिसिन घे. जीव टांगणीला लागलाय. — एक आई, लातूर

ताई, ही भीती नवी नाही. टोरंटोचे एआयचे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन, ज्यांना 2024 ला फिजिक्सचं नोबेल मिळालं, ते 2016 लाच बोलून गेले होते की आता रेडिओलॉजिस्ट तयार करणंच थांबवा, पाच वर्षांत, फार तर दहा, मशीन पुढे जाईल. दहा वर्षं होत आली आणि अजून रिपोर्टिंग रूममध्ये माणसं कमीच पडतायत. 2025 मध्ये ते स्वतःच म्हणाले की तेव्हा जरा सरसकट बोललो.

एआय काही करत नाही असं नाही हां. स्वीडनमध्ये मासाई नावाची मोठी ट्रायल झाली, तिचे पहिले आकडे 2023 ला आले, 80,033 बायकांची मॅमोग्राफी. तिकडे पद्धत अशी की प्रत्येक फिल्म दोन डॉक्टर वेगवेगळी बघतात. ट्रायलमधल्या अर्ध्या बायकांच्या फिल्म्सना आधी एआयने 1 ते 10 स्कोअर दिला, 10 वाल्या दोघांनी बघितल्या आणि बाकीच्या एकानेच. कॅन्सर सापडले एआयच्या गटात 244, नेहमीच्या पद्धतीत 203, आणि वाचायचं काम 44 टक्क्यांनी कमी झालं, तेही उगाच परत बोलावलेल्या बायका न वाढता. पण बघा, शेवटचा निर्णय प्रत्येक फिल्मवर माणसानेच घेतला.

आणि आपल्याकडे रेडिओलॉजिस्टचा अर्धा दिवस तर सोनोग्राफीत जातो. गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचा प्रोब क्वालिफाईड डॉक्टरच्याच हातात लागतो, शिवाय पोटात पू झाला तर सोनोग्राफीवर बघत पिगटेल, म्हणजे पू काढायची बारीक नळी, टाकायची, गाठीची बायॉप्सी घ्यायची, हे सॉफ्टवेअर करत नाही. तिला आवड असेल तर घेऊ द्या. आवड नसताना नुसती "नाईट नसते" म्हणून घेत असेल तर मात्र आधी तिला एखाद्या रेसिडेंटची कॅज्युअल्टी ड्युटी बघून यायला सांगा, रात्री दोनला सीटीच्या दारात किती ट्रॉल्या असतात ते कळेल.

मॅडम, मी जेआर-1, म्हणजे पहिल्या वर्षाला रेसिडेंट. एचओडी सर रोज ओरडतात की चेस्ट एक्स-रे ठराविक क्रमानेच बघ. पण सिनियर तर फिल्म लावली की लगेच सांगतात! मग तो क्रम खरंच लागतो का? — नागपूर

तुझा सिनियर फेकत नाहीये. 1975 ला कुंडेल आणि नोडिन या दोघांनी अनुभवी रेडिओलॉजिस्टना एक्स-रे फक्त 0.2 सेकंद दाखवले, म्हणजे डोळा हलवायलाही वेळ नाही, तरी साधारण 70 टक्के बरोबर आले. हवा तेवढा वेळ दिल्यावर 97 टक्के. म्हणजे पहिल्या नजरेत खूप काही कळतं, पण उरलेलं जे आहे त्यातच पेशंट अडकतो.

आता ही गोरिलाची गोष्ट ऐकली असशील, नसली तर ऐक. 2013 ला बॉस्टनच्या ब्रिगम हॉस्पिटलच्या संशोधकांनी 24 रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या सीटीत नोड्यूल, म्हणजे बारीक गाठी, शोधायला लावले आणि एका सीटीत चक्क गोरिलाचं चित्र घुसवलं, नेहमीच्या नोड्यूलच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना दिसलाच नाही. आणि गंमत म्हणजे आय ट्रॅकिंगवर बघितलं तर त्या 20 मधल्या 12 जणांची नजर थेट गोरिलावरून गेली होती! नजर पोचली, पण डोकं नोड्यूल शोधत होतं. त्यामुळे "सगळीकडे नजर फिरवली" याचा अर्थ "सगळं बघितलं" असा होत नाही.

मग क्रमाने फायदा होतो का? नेदरलँड्समध्ये एलेन कोक यांच्या टीमने मेडिकलच्या विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. ज्यांना क्रम शिकवला ते क्रमाने बघायला लागले, पण आजार काही जास्त सापडले नाहीत. सरांना हा पेपर दाखवायला जाऊ नकोस, जेआर-1 ला ते परवडत नाही, आणि क्रम लागल्याने निदान रिपोर्टमध्ये काही लिहायचं राहत नाही हे खरंच आहे. पण आजार कसा दिसतो हे माहीत नसेल तर क्रम एकटा तुला वाचवणार नाही.

माझा सल्ला असा. पहिली नजर मोकळी टाक, जे वाटलं ते मनात ठेव, मग ज्या जागा कायम सुटतात तिथे मुद्दाम जा: क्लॅव्हिकलच्या (गळ्याच्या हाडाच्या) मागे एपेक्स, म्हणजे फुफ्फुसाचं टोक, दोन्ही हायलम, म्हणजे फुफ्फुसाची मुळं, हृदयाच्या मागचा भाग, डायफ्रामच्या खाली जे फुफ्फुस लपतं ते, आणि फिल्मच्या कडेला खांदे. एखादी गोष्ट सापडली की थांबायचं नाही, कारण पहिलं सापडलं की दुसरं सुटतं. बरगडीचं फ्रॅक्चर दिसल्याच्या आनंदात शेजारचा बारीक न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर साठलेली हवा) निसटतो, हे प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये झालेलं असतं.

अजून एक. 2005 चा जेरेमी वुल्फ यांचा प्रयोग आहे, सामानाच्या चित्रांत अवजारं शोधायची, एअरपोर्टच्या बॅग चेकिंगसारखं. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असली तर फक्त 7 टक्के वेळा सुटते, 100 त 1 चित्रात असली की 30 टक्के. दिवसभर नॉर्मल फिल्म बघून बघून डोळा "नॉर्मल" म्हणायला सोकावतो. म्हणून अभ्यासाचं फोल्डर करताना त्यात नॉर्मल भरपूर टाक आणि आजारांची सरमिसळ कर. ईसीजीवर 2003 मध्ये रोझ हटाला यांनी हे दाखवलंय, एकेका आजाराचे गठ्ठे करून शिकलेल्यांची उत्तरं 30 टक्के बरोबर आली, मिसळून सराव केलेल्यांची 47 टक्के. आपली टेक्स्टबुकं मात्र अजून चॅप्टरवार. आज टीबी, उद्या सार्कॉइड, आणि परीक्षेत दोन्ही शेजारी शेजारी आले की पंचाईत.

आमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आलंय, फिल्म उघडायच्या आधीच संशयाच्या जागेवर बॉक्स काढून दाखवतं. ते ऑन ठेवून बघू की आधी ऑफ? — रेसिडेंट, पुणे

ऑफ. यावर मी जरा हट्टी आहे.

जर्मनीत कलोनला 27 रेडिओलॉजिस्टना 50 मॅमोग्राम दिले, सोबत "एआयचं मत" म्हणून बायरॅड्सचा ग्रेड (कॅन्सरचा संशय किती, याचा ठरलेला आकडा), आणि त्यातले काही मुद्दाम चुकीचे. 2023 ला छापून आलं. मशीन बरोबर असताना नवख्यांची उत्तरं जवळपास 80 टक्के बरोबर, मशीन चुकलं तर 20 टक्क्यांच्याही खाली. तुला वाटेल अनुभवी माणूस फसत नसेल, तर तेही 82 वरून 45.5 वर आले. म्हणजे मशीन चुकलं की आपणही त्याच्या मागे विहिरीत.

आणि मशीन काढून घेतलं तर? पोलंडमधल्या चार सेंटर्सचा 2025 चा अभ्यास आहे, कोलोनोस्कोपीचा. एआय यायच्या आधी तिथले डॉक्टर 28.4 टक्के पेशंटमध्ये अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशी आतड्यातली गाठ, शोधत होते, एआयची सवय लागल्यावर एआयशिवाय केलेल्या तपासण्यांत ते 22.4 टक्क्यांवर आलं. हा ऑब्झर्व्हेशनल अभ्यास आहे, पेशंट वेगळे, कामाचा लोड वेगळा, त्यामुळे सगळं खापर एआयवर फोडता येणार नाही. पण हे हजारो स्कोपी केलेले लोक होते. तू तर अजून शिकतोयस, ज्याची सवयच लागली नाही ते विसरणार काय!

म्हणून आधी स्वतः बघ, एका ओळीत मत लिही, मग बॉक्स ऑन कर. जिथे तुझं आणि मशीनचं पटत नाही त्या केसेस वेगळ्या ठेव आणि सीटी, बायॉप्सी काय आली ते आठवड्याने शोधून काढ. वर्षभराच्या शिकवणीपेक्षा त्या फोल्डरमध्ये जास्त मिळेल असं मला वाटतं.

गावात टीबीचा कॅम्प होता. व्हॅनमध्ये एक्स-रे काढला आणि डॉक्टर नसताना कॉम्प्युटरनेच "संशय" सांगितला. विश्वास ठेवायचा का? — धुळे जिल्हा

संशय म्हणून ठेवायचा, निदान म्हणून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्येच सांगितलंय की 15 वर्षांवरच्या लोकांच्या टीबी स्क्रीनिंगसाठी डॉक्टरऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचला तरी चालेल. अशी सॉफ्टवेअर करणाऱ्यांत मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी पण आहे. पण मशीन फक्त एक आकडा देतं, आणि तो कितीच्या वर गेला की "संशय" म्हणायचं हे प्रोग्राम चालवणारे ठरवतात. जुना, बरा झालेला टीबी असेल तर त्याचे व्रण बघूनही ते बोंब मारतं. त्यामुळे बेडक्याची तपासणी करायचीच, सीबीनाट किंवा ट्रूनाट, दोन्ही टीबीचे जंतू शोधणाऱ्या टेस्ट. ट्रूनाट तर गोव्याच्या कंपनीचं, बॅटरीवर चालतं, सरकारी केंद्रात फुकट होते. घाबरून औषधं सुरू करू नका आणि "कॉम्प्युटर काय सांगणार" म्हणून सोडूनही देऊ नका.

थीसिसच्या सिनॉप्सिससाठी चॅटबॉटकडून रेफरन्स घेतले, गाईड मॅडमनी तीन शोधले आणि एकही सापडेना! आता परत सगळं करायचंय, कसं शोधू? — एमडी विद्यार्थिनी, संभाजीनगर

मॅडमनी तीनच शोधले हे नशीब. 2023 मध्ये वॉल्टर्स आणि वाइल्डर या दोघांनी मोजलं होतं: जीपीटी-3.5 ने दिलेल्या रेफरन्सपैकी 55 टक्के बनावट, जीपीटी-4 चे 18 टक्के, आणि जे खरे होते त्यातही बऱ्याच ठिकाणी वर्ष, पान, व्हॉल्यूम चुकलेले. मॉडेल सुधारत असतील, पण प्रत्येक पेपर स्वतः उघडल्याशिवाय थीसिसमध्ये टाकायचा नाही. चॅटबॉटला समानार्थी शब्द विचार, तिथे तो खरंच कामाचा आहे.

पबमेडवर जा, मेडिकल पेपर शोधायची साईट, फुकट आहे. समज तुझा विषय "टीबीच्या एक्स-रेमध्ये एआय". अख्खं वाक्य टाकू नकोस, तीन ढीग कर: आजार, तपासणी, तंत्र. प्रत्येक ढिगातले शब्द "ऑर"ने जोड आणि कंसात घाल, मग तिन्ही कंस "अँड"ने जोड, दोन्ही कॅपिटलमध्ये. आता मेश बघ, म्हणजे पबमेड चालवणाऱ्या लायब्ररीने प्रत्येक पेपरला चिकटवलेलं विषयाचं लेबल. लेखकाने कोच, टीबी, काहीही लिहिलेलं असो, लेबल "ट्युबरक्युलोसिस, पल्मोनरी" हेच. पण अगदी ताज्या पेपरला लेबल लागलेलं नसतं, म्हणून तेच शब्द टायटल-अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्येही शोधायचे आणि दोन्ही "ऑर"ने जोडायचे. अजून एक बारीक गोष्ट: शब्दाला अवतरण चिन्हं लावली किंवा शेवटी स्टार टाकला की पबमेड आपणहून समानार्थी शब्द जोडायचं बंद करतं, मुली इथे हमखास अडकतात आणि म्हणतात "फक्त चारच पेपर आहेत".

अ‍ॅडव्हान्स्डमध्ये हिस्टरी असते, तिथून पूर्ण सर्च कॉपी करून तारखेसकट मेथड्समध्ये टाक. गुगल स्कॉलर पण बघ, पण शेवटी, कारण तिथला क्रम बदलत राहतो आणि एक्झामिनरला तोच रिझल्ट परत काढून दाखवता येत नाही. एक नीट पेपर सापडला की त्याच्याखाली "सिमिलर आर्टिकल्स" आणि त्याला पुढे कोणी साईट केलंय ते बघ, निम्मं काम तिथेच होतं.

एमआरआयचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले तर दुसऱ्या डॉक्टरला कळतं का? — नाशिक

मोठं फ्रॅक्चर कळेल, बारीक काही नाही. स्कॅनच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा 4,096 ग्रे शेड्स असतात, फोनच्या फोटोत 256, त्यात व्हॉट्सअ‍ॅप फोटो आणखी दाबतं, आणि वर फिल्मवर ट्यूबलाईटचं रिफ्लेक्शन. शिवाय फिल्मवर निवडक स्लाईस असतात, पूर्ण स्कॅन नसतोच. सेंटरकडून डायकॉम फाईल्सची, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाईल्सची, सीडी किंवा लिंक मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि आधीचे जुने स्कॅन असतील तर तेही सोबत द्या.