पाण्यावर गाडी चालवायला निघालेला मुलगा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे. जुन्या टीव्हीतले फ्लायबॅक (हजारो व्होल्ट तयार करणारे ट्रान्सफॉर्मर), भंगारातल्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्या आणि तांब्याच्या तारेने त्याने गच्चीवरची खोली भरून टाकली आहे. स्टॅनली मेयर नावाच्या अमेरिकन माणसाने पाण्यावर गाडी चालवली, तेल कंपन्यांनी त्याला मारलं, त्याचं सर्किट मी पूर्ण करणार, असं म्हणतो. सीईटी न देता वर्षभर प्रयोगच करायचे आहेत. आता ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) मागतोय. हे वेड कसं सोडवू? – एक पालक, इचलकरंजी

नमस्कार. सोडवायचंच तर अर्धं सोडवा. उरलेल्या अर्ध्यावर त्याचं पोट चांगलं भरेल.

आधी मेयरचं बघू. हा ओहायो राज्यातल्या ग्रोव्ह सिटीचा गृहस्थ. त्याला १९९० मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं, आणि मुलं फसतात ती इथेच. पेटंट मिळालं म्हणजे दावा खरा ठरला असं होत नाही. दोन गुंतवणूकदार कोर्टात गेले तेव्हा तज्ज्ञांनी त्याचा सेल, म्हणजे पाणी फोडणारा भाग, तपासला. त्यात नेहमीच्या इलेक्ट्रोलिसिसपलीकडे, म्हणजे वीज सोडून पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करण्यापलीकडे, काही निघालं नाही. १९९६ मध्ये कोर्टाने ही फसवणूक ठरवून त्याला २५,००० डॉलर परत करायला लावले. मार्च १९९८ मध्ये तो वारला, तेव्हा कॉरोनरने (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) मृत्यूचं कारण मेंदूतल्या रक्तवाहिनीचा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे फुगवटा, असं नोंदवलं. (आपल्याकडेही १९९६ मध्येच तमिळनाडूच्या रामर पिल्लईने झाडपाल्याचं पेट्रोल केल्याचा दावा केला होता. त्याला २०१६ मध्ये शिक्षा झाली.)

पण हे मुलाला ऐकवू नका. ‘कोर्टही त्यांचंच’ असं उत्तर येईल. त्याला पटेल ते त्याच्या स्वतःच्या मीटरवरचं.

त्याच्या सर्किटमध्ये कॉइल आणि पाणी भरलेल्या नळ्यांचा कपॅसिटर एका विशिष्ट फ्रिक्वेन्सीला जुळवतात. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलके धक्के दिले की झोका उंच जातो, तसा व्होल्टेज चढतो. यालाच रेझोनन्स म्हणतात. चढतो हे खरंच, त्यात लबाडी नाही. पण झोक्यात साठते ती धक्क्यांनी दिलेलीच ऊर्जा, वरकड काही नाही. शिवाय पाणी हा कपॅसिटरसाठी गळका माल. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (चार्ज साठवायला मदत करण्याची क्षमता) ८० च्या आसपास असला तरी नळाच्या पाण्यातून वीज सरळ वाहून जाते आणि क्यू फॅक्टर, म्हणजे झोका टिकण्याचं माप, कोसळतो. बारावीच्या भौतिकशास्त्रातला एसी सर्किटचा धडा त्याने या नजरेने वाचावा. निदान त्या धड्याचे मार्क तरी जाणार नाहीत.

आता त्याला एकच काम द्या. पाण्याने भरलेली मोजनळी पाण्यातच उपडी धरून १०० मिलिलिटर वायू गोळा करायचा आणि तेवढ्या वेळात बॅटरीतून किती ऊर्जा गेली ते मोजायचं. मोजमाप बॅटरी आणि सर्किट यांच्या मध्ये, डीसी बाजूला, मोठा फिल्टर कपॅसिटर लावून घ्यायचं, कारण पल्सवर स्वस्त मल्टिमीटर वाटेल ते आकडे दाखवतो. खोलीच्या तापमानाला एवढा हायड्रोजन-ऑक्सिजनचा मिश्र वायू जळून सुमारे ७८० ज्यूल परत देतो. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १ अँपिअर घेतला तर ७८० ज्यूल ६५ सेकंदांत खर्च होतात. म्हणजे ६५ सेकंदांत १०० मिलिलिटर जमले तर जेमतेम बरोबरी, आणि गाडी चालायला तर त्याच्या पुढे जायला हवं. त्याला लागलेला वेळ वहीत लिहू दे. तुम्ही शेजारी बसा, बोलू नका.

मात्र आधी काही गोष्टी पक्क्या करा. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर घरात येता कामा नये. त्याच्या सेकंडरीला (बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळीला) २००० व्होल्टच्या आसपास असतात आणि माणूस मरण्याइतका करंटही. फ्लायबॅकवर एकट्याने काम करायचं नाही. कपॅसिटरला ब्लीडर रेझिस्टर, म्हणजे साठलेला चार्ज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर, हवाच. वायू बाटलीत साठवायचा नाही आणि बंद खोलीत सोडायचा नाही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की तो पेट घेतो आणि हा मिश्र वायू तर आपला ऑक्सिजन सोबत घेऊनच येतो. मोजून झाला की उघड्यावर सोडून द्यायचा, पेटवून बघायचा नाही. पाण्यात कॉस्टिक सोडा टाकत असेल तर डोळ्यांना गॉगल.

आता पोटाचं. ज्या रेझोनन्सने त्याला झपाटलंय तो तुमच्या इंडक्शन शेगडीत आहे, इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरमध्ये आहे. या विषयाला पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणतात. स्वतः कॉइल गुंडाळून मॉसफेट (करंट झपाट्याने चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) जाळलेली मुलं तिथे सहज रुळतात. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बघून या.

पाण्याची ओढ जास्त असेल तर इलेक्ट्रोकेमिस्ट्री, म्हणजे विद्युत-रसायनशास्त्र. तमिळनाडूत कारैकुडीच्या केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेत केमिकल आणि इलेक्ट्रोकेमिकल इंजिनिअरिंगचं बी.टेक. आहे. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या सेलवर, काम करते. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांची हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच सादर झाली. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं उद्दिष्ट आहे. तिथेही पाणीच फोडतात, पण लागणारी वीज सौर आणि पवन प्रकल्पांतून आणतात. एक किलो हायड्रोजनला कमीत कमी ३९ युनिट वीज लागते आणि प्रत्यक्षात ती ५० च्या पुढे जाते. मधला हा फरक कमी करणाऱ्याला पगार मिळतो.

म्हणून सीईटी सोडू देऊ नका. वर्ष वाया घालवून त्याला जे कळेल ते वरच्या मोजमापात एका रविवारी कळेल.

ऑसिलोस्कोप द्या, पण सीईटी झाल्यावर आणि सेकंडहँड. प्रोबवर (सर्किटला टेकवायच्या त्याच्या तारेवर) किती व्होल्टची मर्यादा छापली आहे ते आधी त्याच्याकडून वाचून घ्या. फ्लायबॅकच्या टोकाला तो प्रोब थेट लावला तर पहिल्याच दिवशी स्कोप जाईल.