‘चालेल’ आधी आलं की पैसे आधी गेले?

रॅम, म्हणजे मेमरी, घेतली, लॅपटॉपला बसत नाही, विक्रेता परत घेत नाही, आता केस टाकू का, अशा मेल्स इतक्या येतात की बहुतेकांना मी ठरलेलं उत्तर पाठवून मोकळा होतो. तुमची मेल बाजूला काढली कारण कामाची एकमेव गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीये: "घेताना मी त्यांना लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, ते चालेल म्हणाले होते." अहो, मग त्याच्या आधी विक्रेत्याच्या उद्धटपणावर एवढं कशाला लिहिलंत? उद्धटपणावर केस चालत नाही, या एका ओळीवर चालू शकते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. यांच्या लॅपटॉपला डीडीआर5 लागते, यांनी मागवली 16 जीबीची डीडीआर4 ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी (डीडीआर4 आणि डीडीआर5 या रॅमच्या दोन पिढ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही). ती दोन महिने ड्रॉवरमध्ये पडून, मग ओळखीतल्या एकाने बसवायला घेतली, बसेना म्हणून जरा दाबून बघितली, आणि आता विक्रेता म्हणतो मुदत संपली, सील फुटलं, पिनांवर ओरखडे आहेत, वर बिलाच्या मागे छापलंय की कम्पॅटिबिलिटी, म्हणजे रॅम लॅपटॉपला जुळते का ते, बघायची जबाबदारी ग्राहकाची. त्यात नंतर यांना कळलं की तेवढीच मेमरी दुसरीकडे बरीच स्वस्त होती.

आता नीट ऐका. बिलावर डीडीआर4 लिहिलंय, पाकिटावर डीडीआर4, आत डीडीआर4 च निघाली, म्हणजे वर्णनाप्रमाणे माल आला नाही हा मुद्दा गेला. स्टिक खराबही नाही, दुसऱ्या मशीनला ती चालेल, म्हणजे सदोष माल हा मुद्दाही जवळपास गेलाच. उरतं मालविक्रीच्या कायद्याचं, म्हणजे सेल ऑफ गुड्स ॲक्ट, 1930 चं कलम 16. मूळ नियम असा की घेणाऱ्याने बघून घ्यावं, विकणारा जबाबदार नाही. पण तुम्ही कशासाठी घेताय हे विक्रेत्याला सांगितलंत, त्याच्या माहितीवर विसंबून घेतलंत, आणि तो धंदाच त्या मालाचा करतो, तर त्या कामाला माल योग्य असणं ही न लिहिलेली अट होते. आणि लगेच खाली त्याचा अपवाद आहे: विशिष्ट वस्तू तिच्या पेटंट किंवा ट्रेड नावाने घेतलीत तर अशी कुठलीही अट नाही. म्हणजे "अमुक ब्रँडची 16 जीबी द्या" म्हणून पैसे टाकले असतील तर विक्रेता याच अपवादाच्या मागे लपणार.

म्हणून मला एवढंच सांगा, फोटो किती वाजता गेला, ‘चालेल’ किती वाजता आलं, आणि पेमेंट किती वाजता झालं. "त्याच दिवशी" हे उत्तर नाही. ‘चालेल’ आधी आणि पैसे नंतर असतील तर तुम्ही त्याच्या शब्दावर घेतलंत असं म्हणता येतं, मग ब्रँडचं नाव घेतलं असलं तरी फार बिघडत नाही. 1925 च्या बाल्ड्री विरुद्ध मार्शल या इंग्लंडमधल्या निकालात नेमकं हेच झालं होतं, गिऱ्हाइकाने टूरिंगला, म्हणजे लांबच्या फिरतीला, आरामशीर गाडी मागितली, विक्रेत्याने बुगाटी सुचवली, ती त्या कामाची निघाली नाही. ट्रेड नावाचा अपवाद तिथे विक्रेत्याला वाचवू शकला नाही आणि करारातलं हमी नाकारणारं कलमही कामी आलं नाही. इंग्लंडचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपलं कलम 16 तिकडच्याच कायद्यावरून घेतलेलं आहे, त्यामुळे वाचून दाखवायला उपयोगी पडतो. उलट पैसे आधी गेले आणि फोटो नंतर, तर मी तरी वकिलाच्या फीवर एक रुपयाही घालवू नका म्हणेन.

दुसरं, फोटोबरोबर प्रश्न काय विचारला होतात? नुसता फोटो टाकून "चालेल ना?" असेल तर विक्रेता म्हणेल स्टिकरवर फक्त मालिकेचं नाव दिसत होतं. आणि त्यात त्याचं थोडं तथ्यही असेल, कारण एकाच मालिकेत एक लॅपटॉप डीडीआर4 चा, एक डीडीआर5 चा आणि एक बोर्डावरच सोल्डर केलेल्या, म्हणजे काढता न येणाऱ्या, मेमरीचा निघतो. इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर तर डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्ही चालवतात, त्यामुळे प्रोसेसरच्या नावावरूनही कळत नाही. फोटोत पूर्ण मॉडेल नंबर वाचता येतोय का, झूम करून बघा.

बिलामागच्या छापील ओळीला घाबरू नका, पण ती फेटाळली जाईलच असंही मी म्हणत नाही. सेल ऑफ गुड्स ॲक्टच्याच कलम 62 प्रमाणे न लिहिलेल्या अटी करार करून काढून टाकता येतात, प्रश्न असा की पैसे दिल्यावर मालाबरोबर आलेली ओळ हा करार होतो का. माझं मत नाही, पण समोरचा वकील भांडेल.

आता उशिराचं. हे मात्र तुम्ही स्वतःच ओढवून घेतलंत. त्याच कायद्याचं कलम 42 म्हणतं की माल ठेवून घेतला आणि वाजवी वेळेत नको म्हणून कळवलं नाही तर तुम्ही तो स्वीकारलात असं धरतात, आणि स्वीकारला की कलम 13 प्रमाणे माल परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क सहसा जातो, फक्त नुकसानभरपाई उरते. वाजवी म्हणजे किती दिवस, ते कायद्यात लिहिलेलं नाही, परिस्थिती बघून ठरतं. दोन महिने ड्रॉवरमध्ये का, याला "वेळ मिळाला नाही" पेक्षा बरं कारण असेल तर आत्ताच तारखांसकट लिहून काढा. बसली नाही त्या दिवसानंतर लेखी किती दिवसांनी कळवलंत हे तर तुम्ही लिहिलंच नाही. फोनवर भांडलो हे कळवणं झालं, पण सिद्ध कसं करणार?

ओरखड्यांचं मला फार वाटत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर4 स्टिकला 260 पिना असतात, डीडीआर5 ला 262, आणि मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती कितीही दाबली तरी बसणार नव्हतीच. पण त्या ओरखड्यांनी माल विक्रेत्याच्या दृष्टीने विकण्याजोगा राहिला नाही हे खरं, तेवढी रक्कम कापली जाऊ शकते. आता तिला हात लावू नका, अँटिस्टॅटिक पाकिटात ठेवा, लेबलचा स्पष्ट फोटो काढा आणि लॅपटॉपच्या मॅन्युअलचं मेमरीवालं पान प्रिंट करा. हे दोन कागद असले की लॅबकडे पाठवायची मागणी शक्यतो करू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून 3 महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, तपासणी लागली तर 5 महिन्यांत. प्रत्यक्षात ही मुदत पाळली गेली तर मलाच कळवा, नुसत्या तारखा पडत राहतात. त्यात आणखी लॅब कशाला घालताय.

चॅट मीडियासकट एक्सपोर्ट करा, फोन बदलू नका, डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर आधी बंद करा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं सर्टिफिकेट जोडा, ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत एवढा काटेकोर नसतो पण समोरच्याला आक्षेपाची जागा ठेवू नये. आधी लेखी नोटीस, मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथेच बरीच प्रकरणं मिटतात. तक्रारीला 2 वर्षं आहेत, तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिल फर्मच्या नावावर असेल तर मात्र "व्यावसायिक वापर" हा आक्षेप येईल. पोटापाण्यासाठी स्वतःच काम करत असाल तर त्यातून सुटका आहे, पण ते तक्रारीतच लिहावं लागतं.

जास्त पैसे गेले त्याचं काय? एमआरपीपेक्षा किंवा ठरलेल्या भावापेक्षा जास्त घेतले असतील तरच तक्रार होते. तुम्ही भाव विचारला नाहीत, याला कायद्यात औषध नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनीच संगनमत करून भाव चढवले होते तेव्हा काय झालं बघा, अमेरिकेत 1998 ते 2002 च्या काळातल्या त्या प्रकरणात सॅमसंगने 2005 साली गुन्हा कबूल करून 30 कोटी डॉलर दंड भरला, पण साध्या ग्राहकांच्या हातात भरपाई पडायला त्यानंतरही कितीतरी वर्षं गेली. त्यामुळे भावाची काळजी आधीच घ्यायची असते.

पुढच्या वेळी विचारायचं ते असं लिहून विचारा: "माझा लॅपटॉप अमुक, पूर्ण मॉडेल नंबर तमुक, एक स्लॉट रिकामा आहे, आत्ता डीडीआर5 ची 8 जीबी 4800 वेगाची आहे. तुम्ही देणार ती स्टिक यात चालेल का, नाही चालली तर पूर्ण पैसे परत द्याल का?" उत्तर आल्यावरच पैसे. स्लॉट आणि वेग विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर दिसतात, कमाल किती चालते ते मॅन्युअलमध्ये. लॅपटॉप कंपनीच्या स्टिकरसाठी जादा देऊ नका, चिप्स बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनच्याच असतात. मशीन 4800 ला चालत असेल तर जास्त वेगाची महाग स्टिकही तिथे 4800 लाच चालणार. आणि आली की त्याच दिवशी बसवा, मेमरीचा पूर्ण आकडा दिसतोय का बघा, रात्री मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा. चूक निघाली तर सकाळी लेखी कळवा, फोन नंतर करा.