पुनर्विलोकन, पुनरीक्षण की फेरविचार?

प्रश्न असा आला आहे: मामांच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल विरुद्ध गेला. वकील म्हणाले, 'रिव्ह्यू टाकू.' टायपिस्टने मथळ्यात 'पुनरीक्षण अर्ज' असं छापलं. बातम्यांत मात्र 'फेरविचार याचिका' वाचायला मिळतं. तिन्ही एकच का? बरोबर शब्द कोणता?

तिन्ही एकच नाहीत. टायपिस्टचा शब्द चुकला आहे, आणि तो छापून गेला तर अर्थच बदलतो.

घोळ होण्याचं कारण शब्दांच्या पोटातच आहे. पुनर् + विलोकन आणि पुनर् + ईक्षण, दोन्हींचा अर्थ पुन्हा पाहणं. संस्कृतच्या बाजूने त्यांच्यात सांगण्यासारखा फरक नाही. तो ठरवला कायद्याच्या परिभाषेने: रिव्ह्यू म्हणजे पुनर्विलोकन, रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण. पाहतं कोण, यावर सगळं अवलंबून. ज्या न्यायालयाने निकाल दिला तेच आपला निकाल पुन्हा पाहतं ते पुनर्विलोकन. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये त्यासाठी कलम ११४ आणि आदेश ४७ आहे. वरचं न्यायालय खालच्या न्यायालयाचं दप्तर मागवून तपासतं ते पुनरीक्षण. कलम ११५ खाली हा अधिकार उच्च न्यायालयाला आहे, आणि तोही खालच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राबाहेर जाऊन, ते न वापरून किंवा वापरताना बेकायदा वागून निर्णय दिला असेल तर. (या संहितेत 'आदेश ४७' म्हणजे न्यायाधीशांनी दिलेला आदेश नव्हे, तर नियमांच्या एका गटाचं नाव. नव्या वाचकाला इथे हमखास ठेच लागते. कोर्टात सरळ 'ऑर्डर ४७ रूल १' म्हणतात.)

महसुलात हेच शब्द याच फरकाने चालतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २५७ पुनरीक्षणाचं, २५८ पुनर्विलोकनाचं. तिथे तहसीलदाराला स्वतःच्याच आदेशाचं पुनर्विलोकन करायचं तर आधी वरिष्ठांची मंजुरी लागते. निवडणुकीत 'मतदार यादी पुनरीक्षण' असतं, त्याचा कोर्टाशी संबंध नाही; ती याद्यांची दुरुस्ती. आणि संस्थेच्या कारभाराचं, योजनेचं, पुस्तकाचं करतात ते 'पुनरावलोकन' (पुनर् + अवलोकन). ते कोर्टाच्या अर्जात नको.

'फेर' हे आपलं घरचं उपपद, फिरणे या क्रियापदाच्या कुळातलं: फेरतपासणी, फेरमतमोजणी, फेरपरीक्षा, फेरनिवडणूक. 'फेरविचार' त्या रांगेत शोभतो, जिभेला सोपा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या बाबतीत वर्तमानपत्रांनी तोच रूढ केला आहे. तिथे हा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद १३७ मधून येतो, आणि अशी याचिका बहुतेक वेळा उघड न्यायालयात युक्तिवाद न होता न्यायाधीशांच्या दालनात, कागदपत्रांवरच निकाली निघते.

पण शब्द म्हणून 'फेरविचार' मला दिशाभूल करणारा वाटतो. पक्षकार ऐकतो 'विचार' आणि समजतो की साहेब आता सगळं प्रकरण नव्याने विचारात घेणार, साक्षीपुरावे पुन्हा तोलणार. कायद्याला नेमकं तेच नको आहे. पुन्हा विचार करणं हे अपिलाचं काम. इथे न्यायालयाने फक्त पुन्हा पाहायचं, आणि चूक दिसली तर दुरुस्त करायची. 'विलोकन' म्हणजे पाहणं. किचकट वाटणारा शब्दच इथे जास्त खरा आहे.

हे पटायला आदेश ४७ नियम १ मधली तीन कारणं बघा. पहिलं, नवा आणि महत्त्वाचा पुरावा सापडणं, जो पुरेशी खटपट करूनही निकालाच्या वेळी माहीत नव्हता किंवा हजर करता आला नाही. दुसरं, अभिलेखावर, म्हणजे प्रकरणाच्या कागदपत्रांवर, उघड दिसणारी चूक. तिसरं, 'अन्य पुरेसं कारण'. हे तिसरं दार वाटतं तेवढं सताड उघडं नाही. छज्जू राम विरुद्ध नेकी या १९२२ च्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) सांगून ठेवलं की ते कारण पहिल्या दोहोंच्या जातकुळीचंच हवं.

बहुतेक अर्ज आपटतात ते दुसऱ्या कारणावर. इथे मराठी अर्जांत 'सकृद्दर्शनी चूक' असं लिहितात. सकृत् म्हणजे एकदा; सकृद्दर्शनी म्हणजे एका नजरेत. (बहुतेक ठिकाणी 'सकृतदर्शनी' छापलेलं असतं, संधी होऊन 'द्द' हवा.) व्युत्पत्तीने शब्द चपखल बसतो. सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण हेगडे प्रकरणात हेच म्हटलं: जी चूक दाखवायला लांबलचक युक्तिवाद लागतो आणि जिथे दोन मतं संभवतात, ती उघड चूक नव्हे. पण रूढीत अडचण आहे. 'सकृद्दर्शनी पुरावा', 'सकृद्दर्शनी गुन्हा' असं आपण म्हणतो तेव्हा 'वरवर पाहता, पुढे खोटंही ठरू शकेल' असा अर्थ असतो. पुनर्विलोकनातली चूक तात्पुरती नसते, ती निर्विवाद असावी लागते. म्हणून 'अभिलेखावरून उघड दिसणारी चूक' असं साधं लिहावं.

उदाहरण घ्या. निकालपत्रात 'प्रतिवादीने लेखी कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) दिली नाही' असं आहे आणि कैफियत तर तारीख-शिक्क्यासह फायलीत आहे: ही उघड चूक. 'साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता' हे अपिलाचं कारण. गट नंबरचा एक आकडा चुकला, बेरीज चुकली, तर पुनर्विलोकनही नको. कलम १५२ खाली लेखनप्रमाद (लिहिण्यातली चूक) दुरुस्तीचा अर्ज केव्हाही देता येतो. एकतर्फी हुकूमनामा (प्रतिवादीच्या गैरहजेरीत दाव्यावर झालेला न्यायालयाचा निर्णय) झाला असेल तर तो रद्द करून घ्यायचा नेहमीचा रस्ता आदेश ९ नियम १३ चा. आणि नवा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सापडलेलं जुनं खरेदीखत पुढे केलं, तर पहिला प्रश्न येईल: शोध आधी का घेतला नाही? त्या खटपटीचा पुरावा द्यावाच लागतो. निकालानंतर दुसऱ्या कुठल्या प्रकरणात वरच्या न्यायालयाने कायद्याचा अर्थ बदलला, हेही कारण चालत नाही. तसं स्पष्टीकरणच १९७६ च्या दुरुस्तीने जोडलं आहे.

मुदत ३० दिवसांची, मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२४ प्रमाणे. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. उशीर झाला तर सोबत विलंबमाफीचा अर्ज लागतो. आधी अपील दाखल केलं असेल तर त्याच पक्षकाराला पुनर्विलोकन मागता येत नाही. उलट, पुनर्विलोकनात गेलेले महिने अपिलाच्या मुदतीतून आपोआप वजा होत नाहीत. रिव्ह्यू फेटाळला गेला की लोक अपिलाकडे वळतात तेव्हा ही मुदत कधीच टळून गेलेली असते. फेटाळल्याच्या आदेशावर अपील नाही, आणि पुनर्विलोकनाचं पुनर्विलोकनही नाही. अर्ज ऐकायचा तो शक्यतो त्याच न्यायाधीशांनी; ते बदलून गेले असतील तर त्या जागेवर आलेल्यांनी.

आणखी दोन बारकावे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ वा वरिष्ठ स्तर, यांच्यापुढे 'अर्ज' असतो. 'याचिका' हा शब्द उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला शोभतो. 'दरखास्त' तर मुळीच लिहू नका, कारण आपल्याकडच्या कोर्टांत दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची बजावणी, म्हणजे मामांना नको असलेलीच गोष्ट. दुसरं, रफार. 'पुर्नविलोकन' असं सर्रास दिसतं. पु-नर्-वि असं तोडून म्हणा, रफार 'वि'वरच येतो: पुनर्विलोकन. 'पुनरीक्षण'मध्ये मात्र रफार नाहीच, र् आणि ई मिळून दीर्घ 'री'.

तेव्हा बोलताना खुशाल 'रिव्ह्यू' म्हणा, वकीलही तेच म्हणतात. कागदावर मथळा असा घ्या: 'दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ११४ व आदेश ४७ नियम १ अन्वये पुनर्विलोकन अर्ज'. खाली निकालाची तारीख, दाव्याचा क्रमांक, आणि तीनपैकी कोणत्या कारणावर अर्ज आहे ते पहिल्याच परिच्छेदात.