जुन्या गोल्फ कोर्सवरचे बुजवलेले बंकर पुन्हा खणावेत का?

आपला प्रश्न असा आहे, की क्लबाच्या जुन्या नकाशात दिसणारे पण पुढे बुजवले गेलेले बंकर, म्हणजे चेंडू अडवणारे वाळूचे खड्डे, पुन्हा खणावेत, की तोच पैसा ग्रीनवर, म्हणजे होलाच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, घालावा, आणि खणायचे ठरले तर खर्च किती येईल. खणावेत, असे माझे मत आहे. पण जो बंकर खणाल तो पूर्वीच्याच जागी खणा, दहा पावले इकडेतिकडे चालणार नाही. याच दहा पावलांवरून माझा एका कमिटीशी वाद झाला होता आणि त्यात मी हरलो होतो, म्हणून खर्चाआधी जागेविषयी लिहितो.

मी कोल्हापूरचा. शेतकीची पदवी घेतल्यावर माझी सगळी नोकरी एका जुन्या क्लबात मैदानाची देखभाल पाहण्यात गेली. तिथे सहाव्या होलावर, ग्रीनच्या 40 यार्ड अलीकडे, फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, डाव्या अंगाला एक बंकर होता. ग्रीन उजवीकडे उंच आणि डावीकडे उतरते होते, त्यामुळे डावीकडून मारलेला चेंडू चढाला लागून थांबे आणि उजवीकडून मारलेला घरंगळत पलीकडे जाई. बंकरच्या कडेने जाण्याची जोखीम घ्यायची, की उजवीकडून बिनधोक जाऊन पुढचा फटका अवघड करून घ्यायचा, हे खेळणाऱ्याला टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागीच, ठरवावे लागे. काही ज्येष्ठ मेंबरांनी तक्रार केली, कमिटीने एका बैठकीत निर्णय घेतला, जेसीबी आला आणि दुपारच्या जेवणापर्यंत बंकर नाहीसा झाला. मोजमाप घेण्यासाठी मी दोन दिवस मागितले होते, तेही मिळाले नाहीत. वर्षभरात सगळे डावीकडूनच मारू लागले. तेवढ्या पट्ट्यातली हरळी झिजून गेली आणि उजवा अर्धा फेअरवे आम्ही केवळ कापायचा म्हणून कापत राहिलो.

अकरा वर्षांनी नव्या कमिटीला तो बंकर परत हवासा वाटला. तो नेमका कुठे होता, असे विचारले तेव्हा जुन्या मेंबरांनी तीन वेगवेगळ्या जागा दाखवल्या. शेवटी मी आणि आमच्याकडचे सर्वांत जुने माळीमामा अशा दोघांनी आडवा चर खणला. दीड वीत काळ्या मातीखाली पहारीचा आवाज बदलला आणि चार बोटे जाडीचा फिकट वाळूचा पट्टा लागला, जो ग्रीनच्या बाजूला तिरका चढत गेलेला होता. मामांनी त्यातली वाळू मुठीत दाबून मूठ उघडली, ती बोटांतून निसटून गेली. "साहेब, ही आपण आणलेली न्हवं, जुनी हाय," एवढेच ते म्हणाले. पट्टा जिथे संपला, तीच जुनी कड. प्रत्येक फटक्यासरशी वाळू उडून कडेवर साचते आणि वर्षानुवर्षे कड उंच होत जाते, त्यामुळे वरून दिसणाऱ्या आकारापेक्षा जमिनीखालचा हा पट्टा अधिक विश्वासाचा असतो.

एवढे करूनही नवा बंकर चरापासून दहा पावले उजवीकडे झाला, कारण गवत कापण्याच्या यंत्राला डावीकडून वाट हवी होती. "वाळू तीच, खोली तीच, दहा पावलांनी काय बिघडते?" असे मला भर बैठकीत विचारण्यात आले. बिघडले ते असे, की जुन्या जागी आजूबाजूची जमीन चेंडू बंकरकडे वळवत होती आणि नवी जागा उंचवट्यावर आहे. तिथे घरंगळत काहीच येत नाही. फक्त कच्च्या खेळाडूचा चुकलेला फटका तेवढा पडतो.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर सतराव्या ग्रीनला लागून रोड बंकर आहे. 1978 च्या ब्रिटिश ओपन या स्पर्धेत जपानच्या टॉमी नाकाजिमा यांचा चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर होता. पटरने, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलका ढकलायच्या काठीने, मारलेला चेंडू उताराने त्या बंकरमध्ये उतरला आणि त्यांना त्या होलाला 9 फटके लागले. हा बंकर दहा पावले बाजूला असता तर हे घडले नसते. त्याच कोर्सवर 112 बंकर असताना 2000 सालच्या ओपनमध्ये टायगर वुड्स यांचा चेंडू चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये पडला नाही, आणि तरीही त्यांचा प्रत्येक मार्ग त्या बंकरांनीच आखून दिला होता.

जागेचा आग्रह धरावा तसा सामानाचा धरू नये. ओल्ड कोर्सवरच्या बंकरच्या गवताच्या थरांनी रचलेल्या भिंती काही वर्षांनी ढासळतात आणि पुन्हा रचल्या जातात, म्हणजे 'मूळ' भिंत अशी उरलेलीच नसते. आमच्या पेठेतल्या तालमीतही हौद्यातली लाल माती उकरून तिच्यात ताक, तेल, हळद घालतात, कमी पडली तर नवी माती आणतात. हौदा मात्र कोणी हलवत नाही.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, तो वाळूच्या वाहतुकीवर आणि निचऱ्यावर अवलंबून असतो. एवढे मात्र लक्षात घ्या, की जुने रूप परत आणणे नेहमीच महाग नसते. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर 2 या, डोनाल्ड रॉस यांनी आखलेल्या कोर्सवर 2010 पासून बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या कोर्स आखणाऱ्या जोडीने 1943 च्या हवाई छायाचित्रांच्या आधारे काम केले, सुमारे 35 एकर हिरवळ काढून पूर्वीची वाळू उघडी केली, आणि पाण्याचे फवारे 1150 वरून 450 वर आले.

आपल्याकडच्या पावसात मात्र वाळूचे उभे चढ करू नका. आषाढातल्या एका रात्रीत ती वाळू तळाला येते आणि खालची माती तिच्यात मिसळते. चढावर हरळी लावा, वाळू तळापुरती ठेवा, आणि तिच्याखाली खडीत छिद्रांचा पाइप घाला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. लाकडी दांड्यांच्या काठ्यांच्या काळात टीपासून 180 यार्डांवर खणलेला बंकर आज दमदार खेळाडूला आड येत नाही, फक्त दुबळ्याला छळतो. तो गवताळ खोलगट म्हणूनच राहू द्यावा. ज्या बंकरला चुकवताना चेंडू रस्त्याकडे जाऊ लागतील, तोही खणू नये. माझा आग्रह उरलेल्यांपुरता आहे.

सहाव्या होलाच्या त्या चराचे माप आजही माझ्या वहीत आहे: जांभळाच्या बुंध्यापासून 42 पावले, ग्रीनच्या डाव्या कोपऱ्याच्या रेषेत. कमिटीने मागितले, तर वही घेऊन मी त्याच दिवशी कोल्हापुरातून निघेन.