फ्युरॅडान बंद करून सिंह वाचतील का?

केनियातल्या मसाई माराहून आल्यावर तुम्ही विचारलंय, "सिंह शेतीच्या औषधाने मरतात असं गाइड सांगत होता, ते खरं का? आणि खरं असेल तर सरकार त्या औषधावर सरळ बंदी का घालत नाही?" मी २१ वर्षं कृषी सेवा केंद्र चालवलं, हीच पाकिटं विकली. म्हणून जरा लांबण लावतो.

गाइडचं खरं आहे. तुम्ही गेलात त्याच मारात डिसेंबर २०१५ मध्ये 'मार्श प्राइड'वर विषप्रयोग झाला. बीबीसीच्या मालिकेमुळे जगभर माहीत झालेला हा कळप. त्यातली बीबी ही १७ वर्षांची म्हातारी सिंहीण त्यात गेली. कळपाने गायी मारल्या होत्या, त्याचा राग. युगांडाच्या क्वीन एलिझाबेथ उद्यानात एप्रिल २०१८ मध्ये तर एका फटक्यात ११ सिंह गेले, त्यातले ८ छावे.

आफ्रिकेत यासाठी सगळ्यात बदनाम झालेलं औषध म्हणजे कार्बोफ्युरान, आपल्याकडे ज्याला सरसकट फ्युरॅडान म्हणतात ते. थिमेट या दुसऱ्या दाणेदार कीटकनाशकाचं पाकीट फोडलं की अख्ख्या दुकानात वास सुटायचा. याला तसा वास नाही. जांभळट दाणे मांसात चिरा पाडून भरले की जनावराला पत्ता लागत नाही. मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं एन्झाइम बंद पडतं, लाळ गळते, अंग थरथरतं आणि शेवटी श्वास अडकतो. उतारा आहे, अ‍ॅट्रोपिन. पण रानात सिंहाला वेळेवर टोचायला कोण पोचणार? आणि सिंह एकटा मरत नाही. तरस, कोल्हे, गिधाडं, जे जे त्या मढ्यावर येतं ते तिथेच आडवं होतं. लहान पक्ष्याला एक दाणाही पुरतो.

आता बंदीचं. २००९ मध्ये अमेरिकन टीव्हीवर केनियातल्या सिंहांची बातमी गाजली, तेव्हा ते बनवणाऱ्या कंपनीने केनिया, युगांडा आणि टांझानियातून फ्युरॅडान मागे घेतलं, दुकानांतला मालही परत विकत घेतला. चांगलंच केलं. पण ब्रँड गेला म्हणून रसायन जात नाही. कार्बोसल्फान नावाचं भावंड आहे; लेबल वेगळं, पण शरीरात त्याचं पुन्हा कार्बोफ्युरानच होतं. आमच्या धंद्यात एक जिन्नस बंद झाला की गिऱ्हाईक "त्याच्यासारखं दुसरं द्या" म्हणतं आणि दुकानदार देतो. मीही दिलंय. फक्त भर उन्हाळ्यात, शेतात काही उभं नसताना कोणी दाणेदार औषध मागायला आला की "कशाला हवंय?" एवढं विचारायचो. निम्मे जण काही न बोलता निघून जायचे.

म्हणून माझं मत असं की बंदी हवीच, पण सिंहाचा जीव ठरतो तो गाय मेल्यानंतरच्या एका रात्रीत. संध्याकाळी मोजणीत गाय कमी भरली, सकाळी अर्धी खाल्लेली सापडली. त्या माणसाची बँक ती. भरपाईचा कायदा केनियात २०१३ पासून आहे, पण पैसे वर्षानुवर्षं अडकतात. दाणे मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात लगेच मिळतात. (आपल्या पंचनाम्यांचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

जिथे फरक पडला तिथे त्या रात्रीवरच काम झालंय. केनियातल्याच अंबोसेलीच्या आसपास २००७ पासून 'लायन गार्डियन्स' आहेत. ज्या तरुणांनी पूर्वी सिंह मारून नाव कमावलं असतं, तेच आता माग काढतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना आधी कळवतात, हरवलेली गुरं शोधून देतात, बोमाचं, म्हणजे गुरांच्या वाड्याचं, काटेरी कुंपण दुरुस्त करतात. नैरोबी उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरेने ११ व्या वर्षी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा आणि सौर पॅनल जोडून गोठ्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावले. सिंहाला वाटतं कोणी कंदील घेऊन फिरतंय. सुटी गाय रात्री गेली नाही की सकाळी विषाचा प्रश्नच येत नाही. मला विचाराल तर दहा कार्यशाळांपेक्षा एक पक्कं कुंपण बरं.

हे आफ्रिकेचंच दुखणं आहे असं समजू नका. जानेवारी २०२० मध्ये गोव्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले, तेही मारलेल्या गुरावर विष टाकल्यामुळेच. आपल्याकडे थिमेटच्या विक्रीवर २०२० च्या शेवटी बंदी आली, कार्बोफ्युरानही २०२३ पासून ३ टक्क्यांच्या दाण्यांपुरतंच उरलंय. गोठ्यांची दारं मात्र होती तशीच आहेत.

पुढच्या वेळी जाल तेव्हा मसाई जमीनमालकांना भाडं देणाऱ्या कन्झर्व्हन्सीत (राखीव रानात) राहा, आणि बोमाच्या कुंपणासाठी ते काही करतात का हे बुकिंगच्या आधी विचारा. वाटेत दोन-चार गिधाडं आणि एखादं तरस एकमेकांजवळ मरून पडलेलं दिसलं, तर खाली उतरू नका, हात लावू नका. ड्रायव्हरला सांगून रेंजरना जागा लगेच कळवा. ते मढं जाळेपर्यंत दुसरं कोणीतरी त्याच्यावर येऊन बसतं.