राजीनामा आत्ता कपाटात ठेव

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोबत जोडलेला राजीनाम्याचा मसुदा एकदाच वाचला. 'कौटुंबिक कारणास्तव' एवढ्या दोन शब्दांत तू आईचं पार्किन्सन, रात्रीचं तीनदा उठणं, समोर आलेली बदली आणि दादाचं 'तू आहेस ना' हे सगळं कोंबलंयस. तो कागद आत्ता कपाटात ठेव.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते तेव्हा लोकांचे अर्ज भरून देता देता बोटं झिजली. अर्जात लाभार्थ्याचं नाव, वय, जात, उत्पन्न, बँक खातं, सगळ्याला रकाना असतो. त्याला धरून टेबलापर्यंत आणणारीला रकाना नसतो. वॉर्डात तिची ओळख 'पेशंटबरोबरचं माणूस' आणि झोपायची जागा खाटेखालची चटई. धोरणाचंही तसंच आहे. आजारी माणूस सरकारला दिसतो, त्याच्या उशाशी बसलेलं माणूस क्वचित. म्हणून नियमात जिथे जिथे तुझ्यासाठी फट आहे, तिथे आधी तुझं नाव कागदावर चढव. नोकरी सोडायची की नाही ते त्यानंतर बोलू.

दादाने पाठवलेल्या 'आईवडिलांसाठी तीस दिवसांची रजा' या मेसेजबद्दल विचारलंस. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत तसा प्रश्न आला होता. उत्तर असं होतं, की केंद्रीय कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस नैमित्तिक रजा आणि २ निर्बंधित सुट्ट्या आहेतच; त्या वृद्ध आईवडिलांच्या देखभालीसकट कुठल्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात. म्हणजे तुझ्याच डब्यातली पोळी तुलाच वाढली. मुलांसाठी मात्र संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. आईसाठी असं वेगळं खातं नाही. मला हे बरोबर वाटत नाही, पण आत्ता भांडण्यापेक्षा तुझी अर्जित रजा किती साठलीय ते मोज. ती संपली तर विनावेतन असाधारण रजा मागता येते. मिळेलच असं नाही, पण मागायची. त्यात पगार जातो, नोकरी जात नाही.

आता खरा उपयोगाचा कागद. ८ ऑक्टोबर २०१८ चं केंद्रीय कार्मिक विभागाचं परिपत्रक आहे. दिव्यांग अवलंबिताची काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून वगळता येतं, आणि अवलंबितांत आईवडीलही धरलेत. 'प्रशासकीय अडचणींच्या अधीन राहून' हे शेपूट त्याला आहे, तरीही तू पोस्टातली, ते तुला लागू पडतं. तुझ्या वरिष्ठांना ते माहीत नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. एक प्रत अर्जालाच जोड.

पण त्यासाठी आईचं दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र हवं. 'ती काय अपंग आहे का' असं तू लिहिलंस. पोरी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि पार्किन्सन त्यांतला एक आहे. यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज भर आणि दिलेल्या दिवशी तिला तपासणीला घेऊन जा.

इथे एक गोम आहे. गोळी लागू पडली की तुझी आई दोन तास बरी चालते. डॉक्टरांसमोर नेमकी तीच वेळ आली तर टक्का घसरतो. गोळी चुकवायची नाही, अजिबात नाही. त्याऐवजी सकाळी गोळीआधी ती दारात अडकते, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं उभी राहते, त्याचे दोन-तीन व्हिडिओ काढ. सोबत एक वहीही ठेव. कऱ्हाडकडची एक सून आठवते. अंथरुणाला खिळलेल्या सासूची कूस बदलल्याच्या नोंदी ती कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलने करायची: 'डावी २, उजवी ४, डावी ६, ओलं'. महिनेच्या महिने. तपासणीच्या दिवशी तोंडाने सांगताना ती घाबरली, गप्प झाली, आणि पिशवीतून ती पानं काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

वहीचा आणखी एक उपयोग, आईला किती आधार लागतो ते दाखवायचा. २०१६ च्या त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना मोठ्या प्रमाणावर आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. देणं सरकारच्या ऐपतीवर सोडलंय, ही मेख. केरळने कायद्याची वाट न पाहता २०१० मध्येच 'आश्वासकिरणम' आणली, अंथरुणावरच्या रुग्णाच्या काळजीवाहूला दरमहा मदत, पुढे ती ६०० रुपये झाली. रक्कम हसण्यासारखी आहे, पण पैसे काळजीवाहूच्या नावाने निघतात हे मला मोठं वाटतं. आपल्याकडे वयोश्री या ज्येष्ठांसाठीच्या राज्य योजनेचे एकदाचे ३००० आईच्या खात्यात येतात, आणि तुझ्या पगारामुळे उत्पन्नाच्या अटीत तेही बसणार नाहीत. प्रमाणपत्र मिळालं की आयकरात ७५,००० ची वजावट मात्र तुझी, खर्चाच्या पावत्या न दाखवता; जुनी करपद्धत घेतली तरच, म्हणून आधी हिशेब करून बघ.

एक काम याच महिन्यात उरक. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. उद्या बँक म्हणेल सही जुळत नाही. आत्ता नवी सही नोंदवून घे, खातं तुम्हा दोघींच्या नावावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून घे, म्हणजे दोघींपैकी कुणा एकीची सही चालेल. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नकोस. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग आजारी माणसाचे कायदेशीर पालक म्हणून नेमणूक मिळवायला लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलंय. आईला आज सगळं कळतंय, तोवर तिच्याशी बोलून कर. तिच्या मागे नको.

राहिला दादा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर सारखी टाकलीय. पण तिथे अर्ज आईने स्वतःसाठी करायचा. तुझ्या कष्टांचा मोबदला मागायची सोय त्यात नाही. न्यायाधिकरणात जा असं मी म्हणतच नाही. त्याला वही दाखव. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायका दिवसाला १४० मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ७४. तुमच्या घरचे आकडे तू लिही, त्याच्यासमोर ठेव आणि रात्री आईजवळ ठेवायच्या बाईचा पगार त्याच्याकडून माग. लाजू नकोस.

'तू घरीच असशील' हा हिशेब फक्त आपल्या घरांतला नाही. ब्रिटनने १९७६ मध्ये काळजीवाहूंना भत्ता सुरू केला आणि त्यातून विवाहित बायकांनाच वगळलं; त्या तशाही घरीच असतात, असं धरून. जॅकलीन ड्रेक नावाच्या बाईने आईसाठी नोकरी सोडली होती. तिला भत्ता नाकारला, ती युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ मध्ये जिंकली. तिथपर्यंत भत्ता सुरू होऊन दहा वर्षं गेली होती.

यूडीआयडीच्या अर्जाला आईचा फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागेल. न्यूरॉलॉजिस्टची जुनी कागदपत्रं तारखेनुसार लावून ठेव. गुरुवारी सकाळी नऊला मी येते. आईजवळ मी बसेन, गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लिहून ठेव. तू ऑफिसात जाऊन बदलीचा अर्ज आवकला दे, आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस.

तुझी,
मावशी