मोबाइलवर नजर तपासताय? आधी चार्टवरचं 'E' मोजपट्टीने मोजा

शाळेत मोबाइलवर अक्षरांचा चार्ट दाखवून नजर तपासली, तर एका मोबाइलवर सातवीची निम्मी मुलं 'कमी दिसणारी' निघाली आणि दुसऱ्यावर तीच मुलं ठीक, ही तुमची पोस्ट वाचली. हा घोळ चांगलाच ओळखीचा आहे. चार्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आला असणार. फोटो प्रत्येक स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे लहानमोठा होतो, म्हणून तो वापरूच नका. पीक अ‍ॅक्युइटीसारखं खास यासाठी बनवलेलं अ‍ॅप घ्या. केनियात नाकुरूला त्याची रीतसर पडताळणी झाली आहे.

तरीही मोजपट्टी लावाच. ३ मीटरवर ६/६ चं (म्हणजे चांगल्या नजरेच्या ओळीचं; खालचा आकडा वाढेल तशी नजर कमी) अक्षर ४.४ मिमी उंच हवं, ६/१२ चं ८.७ आणि ६/६० चं ४३.६. लहान अक्षर पट्टीवर नीट मोजता येत नाही, म्हणून ६/६० चं मोजा. ते ४० भरलं तर सगळा चार्टच आठ टक्के लहान आहे आणि चांगली नजर असलेली मुलंही अडखळणार. अंतर डोळ्यापासून धरायचं. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा, नाहीतर मूल नकळत पुढे वाकतं. ब्राइटनेस पूर्ण ठेवा, ऑटो आणि नाइट मोड बंद. एकेक डोळा तळहाताने झाका, बोटांनी नको; बोटांच्या फटीतून दिसतं. मिचमिचे डोळे करून वाचलेली ओळ धरू नका.

सगळ्यात जास्त मनस्ताप मात्र कागदाने दिला. एका कार्यालयाने (नाव घेत नाही) यादीत फक्त 'पास/नापास' एवढाच रकाना ठेवायला लावला. कुठल्या डोळ्याने कुठली ओळ वाचली, चष्मा होता का, सगळं गाळलं. पुढे डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं आणि अख्खी शाळा पुन्हा रांगेत. याचा मला अजूनही संताप येतो, कारण उजवा ६/६ आणि डावा ६/३६ असलेलं मूल दोन्ही डोळे उघडे ठेवून आरामात वाचतं, 'पास' होऊन घरी जातं, आणि आळशी डोळ्यावर (लहानपणी नीट न वापरल्याने नजर मंद राहिलेल्या डोळ्यावर) उपचाराची वर्षं हातची जातात. कार्यालय काहीही मागो, तुमच्या वहीत उजवा, डावा, चष्म्यासह, चष्म्याविना असे रकाने ठेवाच. ६/९ न वाचणाऱ्याला पाठवायचं की ६/१२, हे ज्या डॉक्टरांकडे पाठवणार त्यांनाच आधी विचारा.

मी डॉक्टर नाही. ही फक्त चाळणी आहे, यावरून चष्म्याचा नंबर काढू नका. नाशिकचे रमेश रासकर यांच्या एमआयटीतल्या गटाने २०१० मध्ये मोबाइलवर नंबर मोजणारं 'नेत्र' दाखवलं, पण त्याला स्क्रीनवर वेगळं भिंग बसवावं लागतं. नुसत्या चार्टने ते होत नाही.

जाता जाता दोन गोष्टी. जाड पुठ्ठ्याला साधारण १.२ मिमीचं भोक पाडून त्यातून वाचायला लावा. ओळ सुधारली तर बहुधा चष्म्याचं काम. नाही सुधारली तर तो डोळा यादीत वर घ्या. आणि फ्लॅशच्या फोटोत लहान मुलाच्या एखाद्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर शिबिराची वाट बघू नका, लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. क्वचित ती डोळ्यातल्या कॅन्सरची खूण असते.